गिरजाच्या हातातली दिवटी

माझ्या तोंडून हे आजवर कुणीच ऐकलेलं नाही. मालकांनीसुद्धा नाही — ते गेले, तरी मी बोलले नाही. आता तुम्ही ऐका.

आम्ही पिशोरकडचे, गुरंढोरंवाले. दिवाळीच्या पाडव्याला दिवेलागणीच्या वेळी गल्लीतली गुरं एकत्र आणायची, पाचटाचा जाळ करायचा, अन् एकेक जनावर त्याच्यावरून उडी मारायला लावून पलीकडं न्यायचं. त्याआधी घरातली एक बाई लव्हाळ्याची पेटती दिवटी घेऊन गाईला ओवाळते. लई मान असतो तिला. थोरली सून म्हणून तो माझा होता.

धाकटी जाऊ गिरजा आली, तिचा पहिलाच सण. मामंजींनी दिवटी तिच्या हातात दिली. नव्या सुनेला देतातच, त्यात वावगं काय? पण मला — कसं सांगू — बघवेना. दिसत पण होती अशी छान, त्या उजेडात.

पोरांच्या लवंगी फटाक्यांतले दोन-चार माझ्या ओच्यात होते. कुडाच्या आडून एक पेटवला अन् गाईच्या मागं टाकला. गिरजा दचकेल, दिवटी पडेल, सगळे हसतील — एवढंच डोक्यात होतं. खरंच एवढंच होतं का? गाय गाभण आहे हे मला ठाऊक नव्हतं का? चारा तर मीच टाकायचे.

गाय उधळली, दगडी गव्हाणीवर आदळली. चार दिवसांनी गाभडली. वासरू गेलं. गल्लीभर फटाके वाजत होते, त्यात माझा कोण ओळखणार? सासूबाई गिरजाकडं बघून म्हणाल्या, "हिचा हात गुरांना धार्जिणा नाय." मी शेजारीच उभी होते.

पुढच्या पाडव्याला दिवटी परत माझ्याकडं आली. मी घेतली. पन्नास वर्षं घेतेय.

आता लेकाकडं शहरात, उस्मानपुऱ्यात राहते, पण पाडव्याला गावी जाते. दिवटी गिरजाच विणते, तिच्यासारखी गच्च वीण कुणाला जमत नाही. मी आले की माझे गुडघे तेल लावून चोळते. गोठ्यात गाय व्याली तर मात्र वासराला लांबूनच बघते. हात लावत नाही.

औंदा तिची नातसून मागं लागली, "आजी, तुम्हीच ओवाळा ना."

गिरजा हसली. "नको गं बाई, मुक्या जनावराला कशाला शिक्षा? आक्का हायत की."

दिवटी पेटवून तिनं माझ्याकडं दिली. ठिणगी उडू नये म्हणून माझा पदर नीट खोचला, अन् मागं सरकली.

मी ओवाळलं.