आत्तीचा बिनछपराचा मांडव

सूर्य उगवला हे आमच्या आत्तीला कोंबडा सांगतो, पण कोंबड्याचंही ती एकदम खरं मानत नाही. परड्यात जाऊन, डोळ्यांवर हात धरून, डोंगराकडं नीट बघून आली की मगच चुलीत जाळ घालते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आत्तीचं तोंड कधी पोळलेलंच नाही, कारण दूध निवलंय हे तिनं आजवर कुणाच्या सांगण्यावरून मानलेलं नाही.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, रामनगरपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, रान संपतं नि भातशेत सुरू होतं अशा जागी एकटी राहते. आठवड्याच्या बाजाराला जाताना पिशवीत अर्ध्या किलोचा नदीतला गोटा घेऊन जाते आणि दुकानदाराच्या तराजूत आधी तो टाकायला लावते. आजारी पडली की शेजारणीला बरोबर नेते, आपलं दुखणं आधी शेजारणीला डॉक्टरापुढं सांगायला लावते, मग तेच स्वतः सांगते आणि बाहेर येऊन दोघींच्या गोळ्या ताडून बघते. एकदा दोन्ही गोळ्या सारख्या निघाल्या, तर म्हणाली, "म्हंजे त्येच्याकडं दुसरी गोळीच न्हाई." घरातलं काही महत्त्वाचं बोलायचं असलं की मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावते, मग बोलते. आणि घराबाहेर पडताना लोणच्याची बरणी, पिठाचा डबा, कपाटाची कडी, सगळ्याला पांढरा दोरा गुंडाळून एक गाठ मारते. ती गाठ तिची स्वतःची. एकदा सोडली की तशी परत कुणाला मारता येत नाही. परत आल्यावर ती आधी गाठी तपासते, मग पाय धुते.

या सगळ्या जगात तिच्या संशयातून सुटलेला माणूस एकच, तो म्हणजे मी. माझी रामनगरात पिठाची गिरणी आहे. दुसऱ्या गिरणीवर ती दळण संपेपर्यंत पिठाच्या धारेवर नजर ठेवून उभी राहायची, माझ्याकडं मात्र डबा ठेवून सरळ बाजारात जायची. आणि पाहुण्यांकडं जाताना घराची किल्ली कुठं ठेवली ते फक्त मला सांगायची, कारण संध्याकाळी कोंबड्यांना दाणे घालायचे असत. किल्ली हिंगाच्या रिकाम्या डबीत, आणि डबी दर खेपेला नव्या जागी. कधी तुळशीमागं, कधी पत्र्याच्या वळचणीला, एकदा तर शेणीच्या ढिगात. पण त्या डबीला दोरा नसायचा. याचा मला केवढा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या सालच्या पावसात तिच्या परड्यातला फणस उन्मळून पडला. तो फणस नुसतं झाड नव्हता. आत्तीचा अख्खा दिवस परड्यात जातो. धुण्याचा दगड तिथं, भाजी चिरायचं तिथं, शेजारणीवर लक्ष ठेवायचं ते तिथूनच. फणस लागले की एकेकाला चुन्याचा टिळा लावून ती त्यांची शिरगणती करायची. तो गेला नि परडं उघडं पडलं. आमच्याकडं चैत्र-वैशाखात घाम येतो पण वाळत नाही, हवाच ओली. घरावर पत्रे, त्यामुळं आत बसवत नाही, आणि बाहेर सावली नाही. आत्ती डोक्यावर ओला पंचा टाकून भांडी घासायची, ते बघून जीव तुटायचा.

तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, पुण्याला असतो. त्यानं फोनवर एक चित्र पाठवलं. परड्यात चार खांब, वर आडव्या पट्ट्या, खाली दोन खुर्च्या आणि मधे टेबल. परगोला म्हणतात त्याला, असं त्यानं सांगितलं. आत्तीनं फोन जवळ धरला, लांब धरला, उलटाही धरून बघितला. मग मला विचारलं, "मांडव घातला, नि वरचं घालायचं इसरला व्हय?" मी म्हटलं, तो तसाच असतो. ती म्हणाली, "तसाच असतो म्हंजे कुणीतरी आधीच वरचं उचलून न्हेलंय."

आता मी काय केलं ते सांगतो. त्याच आठवड्यात आतेभावानं मला वेगळा फोन केला. गणेशगुडीला नदीवर बोटी खेळायला लोक यायला लागल्यापासून आमच्या भागात घराघरांवर पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी पाट्या लागल्यात. हुबळीच्या एका गृहस्थाला तसंच घर विकत हवं होतं, रानालगतचं, आणि आतेभावानं आत्तीचं घर त्याच्या कानावर घातलं होतं. तो म्हणाला, परडं जरा सजवलं की काम होईल, मग आईला पुण्याला सहाव्या मजल्यावर आणतो, तू एवढंच म्हण की सावलीसाठी आहे. मी हो म्हणालो. मी काही दुष्ट नाही. आत्ती मागच्या साली विहिरीपाशी घसरून पडली होती आणि दुपारपर्यंत कुणाला कळलंही नव्हतं. तो मुलगा आहे, काळजीनंच बोलत होता. पण आत्तीला न विचारता तिचं घर चाललं होतं, आणि ते ठाऊक असून मी गप्प बसलो.

लोंढ्याहून वेल्डिंगवाला आला. तो आला त्या क्षणापासून आत्ती दाराच्या चौकटीत पाट टाकून बसली. त्याच्या टेपवर तिचा विश्वास नव्हता. तिनं स्वतःच्या हातानं, कोपरापासून बोटांपर्यंत, सगळं परत मोजलं आणि टेप दीड बोट कमी दाखवते असा निकाल दिला. खांब लोखंडाचे, पण वर लाकडाच्या रेघा काढलेला रंग. तिनं नखानं एक खरवड काढली. "लोखंड हाय तर लोखंडासारखं ऱ्हा की. लाकडाचं सोंग कशाला?" त्या बिचाऱ्याला वाटलं त्यालाच बोलली. खड्ड्यात सिमेंट किती जातं ते बघायला ती प्रत्येक खड्ड्यात काठी घालून खोली मापत होती, आणि चहा दिला की तो कुठल्या हातानं पितो तेही बघत होती. तिसऱ्या दिवशी काम आटोपून तो जो पळाला, तो उरलेला रंगाचा डबाही न्यायला आला नाही.

मांडव उभा राहिला, आतेभावानं पाठवलेल्या दोन खुर्च्याही खाली आल्या. मी म्हटलं, सुटलो. पण आत्तीनं चुन्याची वाटी घेतली आणि सबंध दिवस, उन्हं सरकतील तसतशी, पट्ट्यांची सावली जिथं पडेल तिथं जमिनीवर रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर परड्यात रांगोळीसारखा चुना. तिनं मला धुण्याच्या दगडापाशी उभं केलं. दगडावर एकही रेघ नव्हती. भाजी चिरायच्या जागेवर नव्हती. सगळी सावली पलीकडं, जिथून डोंगर छान दिसतो त्या कोपऱ्यात पडलेली. मग ती आत गेली, मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवला आणि बाहेर येऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"ह्यो मांडव बसणाऱ्यासाठी न्हाई, बघणाऱ्यासाठी हाय," ती म्हणाली. "मी एकटी. चित्रात खुर्च्या दोन. ह्या कुणाच्या रे?"

मी म्हणालो, पाहुण्यांसाठी असतील.

ती "व्हय" म्हणाली. एवढंच. मला वाटलं पटलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती गिरणीवर आली, डबा ठेवला, आणि बाजारात गेली नाही. पीठ संपेपर्यंत तिथंच उभी राहिली, धारेवर नजर ठेवून. इतकी वर्षं गिरणी चालवतोय, पण त्या दिवशी मी तिचं पीठ दोनदा वजन करून दिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात तिनं चारी खांबांच्या बुडाशी आळी करून कोनफळाचे कंद पुरले. आमच्या जोयडा तालुक्यात कंदांना माणसांइतका मान. वेल पावसात चढतो, कंद जमिनीखाली पोसतो, आणि काढायचा तो थंडीत. तोवर ती जागा सोडायची नाही, हा आत्तीच्या सासूचा दंडक, निदान आत्ती तरी तसं सांगते.

कंद पुरून चार दिवस झाले नि हुबळीचे गृहस्थ आले, आतेभावाचे मित्र म्हणून. ऐन वैशाखातली दुपार. आत्तीनं मोठ्या अगत्यानं त्यांना त्या बिनछपराच्या मांडवाखाली खुर्चीवर बसवलं आणि स्वतः दाराच्या सावलीत बसली. पट्ट्यांमधून ऊन थेट त्यांच्या टकलावर. तिनं त्यांना कढत चहा दिला, तो संपला तसा आणखी दिला. त्यांच्या सदऱ्याचा रंग ओला होऊन बदलला, तरी डोंगर फार छान दिसतो म्हणत राहिले. मग आत्तीनं विचारलं, "तुमची आई कुठं असती?" ते म्हणाले, आमच्याकडंच, हुबळीला. "आणि तिचं घर?" ते गृहस्थ रुमालानं मान पुसायचे थांबले. म्हणाले, "विकलं." आत्तीनं मान हलवली. "करमतं व्हय तिला?" त्यांनी रुमाल खिशात घातला. पेला खाली ठेवला, आत्तीच्या पाया पडले आणि गाडीत बसले. मी तिथंच खांबाला टेकून उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही, तेही बरंच झालं.

वाटेतूनच त्यांनी आतेभावाला फोन केला म्हणे, आधी आईला विचारा आणि मग मला बोलवा. आतेभाऊ माझ्यावर डाफरला, मीच फोडलं असं त्याला वाटलं. फोडलं असतं तर बरं झालं असतं. पुढं चवथीला तो आला तेव्हा वेल वरपर्यंत चढले होते, पानांवर पानं बसून मांडवाला खरं छप्पर आलं होतं, आणि सावली इतकी पसरली होती की धुण्याचा दगडही तिच्यात आला होता. तो तिथंच दोन तास आडवा झाला. जाताना घराचं काही बोलला नाही. आत्ती मला म्हणाली, "गप्प बसलाय. म्हंजे कुठंतरी पाणी मुरतंय." मला ऐकून बरं वाटलं, कारण निदान संशय तरी तिनं माझ्यापाशी बोलून दाखवला.

पण तो सबंध पावसाळा तिनं मला किल्लीची जागा सांगितली नाही. दोनदा गावाला गेली, दोन्ही वेळा कोंबड्या टोपलीत घालून बरोबर घेऊन गेली. बसमध्ये कोंबड्या नि आत्ती. लोक हसले. मला हसू आलं नाही.

थंडीत कंद निघाले, मांडीएवढे. त्यानंतर तिला एका बारशाला कॅसलरॉकला जायचं होतं. लोंढ्याला जाऊन गाडी धरायची म्हणून ती रामनगरच्या स्टँडवर उभी होती, मीही गिरणी बंद करून तिथं गेलो. हातात पिशवीच होती, कोंबड्यांची टोपली नव्हती. बस आली तशी पायरीवर चढता चढता, माझ्याकडं न बघता, म्हणाली, "विहिरीकडचा खांब. मागच्या बाजूला."

मी संध्याकाळी गेलो. वाळक्या वेलांमागं डबी अडकवलेली होती, आणि तिच्याभोवती पांढरा दोरा, त्याला तिची गाठ. मी कितीतरी वेळ तशीच ती हातात धरून उभा राहिलो. कोंबड्या पायात घोटाळत होत्या. शेवटी दोरा सोडला, दार उघडलं, दाणे घातले. मग त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसून अंधार पडेपर्यंत ती गाठ परत मारायचा प्रयत्न केला. जमली नाही, तेव्हा येईल तशी बांधून डबी परत खांबामागं अडकवली. लबाडी लपवायची होती असं नाही, सोडायला तर तिनंच सांगितलं होतं. पण ती गाठ तशीच तिला परत मिळावी असं फार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्ती आली तेव्हा मी कोंबड्यांपाशीच होतो. पाय धुण्याआधी खांबामागं गेली, डबी काढून डोळ्यांजवळ धरली.

"उलटी मारलीस," म्हणाली.

मी म्हटलं, "आत्ती, त्या खुर्च्यांचं मला ठाऊक होतं." कित्येक महिन्यांपूर्वी म्हणायला हवं होतं ते असं एका दमात बाहेर आलं. "ठाऊक हाय," ती म्हणाली, आणि आत निघून गेली. मला वाटलं, आता दार लागणार. ती दोऱ्याचं रीळ घेऊन बाहेर आली, खुर्चीवर बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं दुसऱ्या खुर्चीकडं बोट दाखवून मला बसायला सांगितलं. मग आपल्या सुरकुतलेल्या बोटांनी सावकाश, दोनदा, तिनं मला ती गाठ शिकवली. जमेपर्यंत सोडलं नाही. ती गाठ आता दोघांनाच येते. म्हणजे माझ्यापुढं तिच्या दोऱ्याचा काही उपयोग राहिलेला नाही, आणि हे आमच्या आत्तीच्या लक्षात आलं नसेल असं मला तरी वाटत नाही.