लेबल नसलेली बाटली

मी फार्मासिस्ट आहे. तीस वर्षं इंग्लंडात, वॉटफर्डमधल्या एका दुकानात काउंटरमागे उभा राहून लोकांना एकच गोष्ट सांगत आलो, की उरलेलं औषध सिंकमध्ये ओतू नका, आम्हाला परत आणून द्या. आणि मी स्वतः माझ्या घरच्या सिंकमध्ये काय ओतलं, ते इथे लिहितो आहे. लिहून मन हलकं होतं म्हणतात. मला तसं काही होईल असं वाटत नाही.

माझे वडील दारूने गेले. त्यांची दारू कधी दुकानातली नसे. खोकल्याच्या औषधाची, सरबताची, हाताला लागेल ती बाटली. तिचं लेबल पाण्यात भिजवून काढलेलं. घरात लेबल नसलेली बाटली दिसली की आई ती मोरीत रिकामी करायची आणि मग मार खायची. मी हे बघत मोठा झालो. पुढे धम्म समजला, पंचशील घेतलं, आणि त्यातलं मद्य न पिण्याचं पाचवं शील मी इतकं घट्ट धरलं की बाकीची चार त्यामानाने सैलच राहिली असतील. इथे महिन्यातून एकदा कम्युनिटी हॉलमध्ये आमची वंदना होते, त्यानंतर मी बोलायचो. विषय ठरलेला. 'आज पुन्हा पाचवं' असं लोक आपसात म्हणत आणि हसत, हे मला माहीत होतं. तरी मी हट्टाने तेच बोलायचो.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने मेक्सिकोत जाऊन दारू गाळायला शिकावं, याला काय म्हणायचं? मुलगी इथेच जन्मली. केमिकल इंजिनिअरिंग केलं, मेडनहेडला चांगल्या कंपनीत लागली, सगळं सुरळीत होतं. मग सुट्टी काढून मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात फिरायला गेली आणि तिथून फोन केला, "बाबा, मी लगेच परत नाही येत. इथे एक म्हातारा आहे, तो मेस्काल बनवतो, प्रॉपर ओल्ड वे. तो मला शिकवणार आहे. डोण्ट बी मॅड."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर मी तिच्याशी बोललो नाही. रविवारी व्हिडिओ कॉल यायचा, बायको बोलायची आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असल्याचं सोंग करायचो. एका रविवारी तिने कॅमेरा शेताकडे फिरवला. उघड्या दारातून मला दिसलं: डोंगरउतारावर रांगाच रांगा, जाड पानांच्या, टोकाला काटे. मी न राहवून आत गेलो आणि म्हणालो, "अगं, ही तर घायपात! आमच्याकडे बांधावर लावायचे, गुरं आत शिरू नयेत म्हणून. हिच्या वाखाचे दोर वळायचे." ती केवढी तरी हसली. त्या म्हाताऱ्याला तिने लगेच स्पॅनिशमध्ये सांगितलं, तर तो कॅमेऱ्यासमोर येऊन मला बघून मान डोलवू लागला, जसं काही आम्ही शेजारच्या गावचेच.

तिथून आमचे रविवार सुरू झाले. मला ते आवडत होते, हे मी तेव्हा कोणाजवळ कबूल केलं नसतं. ती सांगायची की घायपातीची ती जात तयार व्हायला सात-आठ वर्षं लागतात, रानातल्या काही जातींना पंधरासुद्धा. एकदा तिला फुलोऱ्याचा दांडा आला की सगळी गोडी त्यात जाते, आणि फुलून झालं की झाड मरतं. म्हणून दांडा वेळेवर छाटायचा. मग सगळी पानं कोयत्याने तासून टाकायची. खाली राहतो तो गड्डा, मोठ्या अननसासारखा, एकट्याला उचलत नाही. जमिनीत खड्डा करून त्यात लाकडं पेटवायची, वर दगड रचायचे, दगड लाल झाले की त्यावर गड्डे, वरून चोथा, चटया आणि माती. चार-पाच दिवस ते तसंच भाजत राहतं. एकदा तिने भाजलेला तुकडा कॅमेऱ्यापुढे चावून दाखवला. काळपट, चिकट, गुळाच्या ढेपेसारखा. मग घोड्याने ओढायच्या दगडी चाकाखाली ते चिरडायचं, लाकडी पिंपात पाणी घालून उघडं ठेवायचं, आणि हवेतलंच काय ते येऊन आंबवणार. तिचा गुरू पिंपाला कान लावून ऐकायचा. शेवटी तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायचं.

गाळण्याचा विषय निघाला की मी खुर्ची पुढे ओढायचो. तो माझा विषय. "पहिली धार वेगळी काढता की नाही?" मी दरडावून विचारलं. आमच्या वस्तीत पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात भारी समजायचे आणि ती पिऊन लोकांचे डोळे जायचे. "ऑफ कोर्स वेगळी काढतो, बाबा," ती म्हणाली, "शेवटची पण. मधला भाग ठेवायचा." दारूचा जोर किती हे बघायला त्या म्हाताऱ्याकडे कसलंही यंत्र नव्हतं. भोपळ्याच्या वाटीत तो वरून धार सोडायचा आणि बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघायचा. ती त्याच्या पाठोपाठ मोजायला शिकत होती. आणि प्यायची रीतही सांगायची: इवलासा पेला, छोटे छोटे घोट, सोबत संत्र्याची फोड आणि तिखट-मीठ. लग्नात, मयताला, बारशाला. "तिथे कोण ढोसत नाही, बाबा. एका कपाला तास लागतो."

"तुझ्या आजोबांनाही सुरुवातीला तासच लागत असेल," मी म्हणालो. तिने कॅमेरा पुन्हा शेताकडे फिरवला. असं मी अधूनमधून करायचो. बोलणं गोडीत आलं की कुठून तरी ते तोंडात यायचंच.

दोन वर्षांनी ती परत आली, बुद्धपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी वंदनेला आठ-दहा जण आमच्या घरी यायचे होते. ती सकाळीच मेडनहेडला मैत्रिणीकडे ठेवलेलं सामान आणायला गेली. जाताना दारातून म्हणाली, "बाबा, संध्याकाळी तुझ्यासाठी एक सरप्राइझ आहे. सगळे गेल्यावर. ओके?" मी बरं म्हणालो. मला वाटलं, शर्ट असेल.

बाराच्या सुमाराला मी कागदी प्लेट शोधायला किचनमधलं खालचं कपाट उघडलं. मागच्या बाजूला स्पॅनिश वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली होती. जुनी, पुन्हा वापरलेली, जाड काचेची. बुचावर मेण. लेबल नाही.

लेबल असतं तर कदाचित मी ती गॅरेजमध्ये ठेवून आलो असतो. खरंच सांगतो. पण ती उघडी काच, आतलं ते पाण्यासारखं स्वच्छ, आणि मी साठीचा माणूस एकदम आईमागे मोरीपाशी उभा असलेला पोर झालो. पाहुणे तासाभरात येणार, माझ्या कपाटात ही. कोणी ग्लास घ्यायला कपाट उघडलं तर? मी मेण सुरीने खरवडलं, बूच काढलं आणि बाटली सिंकमध्ये उलटी धरली. वास आला. धुराचा, ओल्या मातीचा, आणि त्याखाली काहीतरी गोड. क्षणभर माझा हात थांबला. मग मी नळ पूर्ण सोडला. बाटली तीनदा विसळली, दुकानात विसळतो तशी, आणि रिसायकलिंगमध्ये टाकली. माझा ऊर भरून आला होता. आई जे मार खाऊन करायची ते मी माझ्या घरात मानाने करत होतो, असं मला वाटत होतं.

बायको दारात उभी होती. "अहो, काय केलंत हे? तिला विचारायचं तरी."

"माझ्या घरात मी कोणाला विचारू?" मी म्हणालो.

वंदना छान झाली. मी पाचव्या शीलावर बोललो.

पाच वाजता मुलगी आली. पाहुणे गेल्यावर तिने कपाट उघडलं, पुन्हा उघडलं, मग आमच्याकडे वळली. मी सांगितलं. थोडं तावातच सांगितलं, कारण बायकोचा चेहरा मला बघवत नव्हता. मुलगी ओरडेल म्हणून मी तयार होतो. ती खुर्चीवर बसली.

"तो माझा पहिला बॅच होता," ती म्हणाली. "ऑल माय ओन. खड्डा पण मी केला. त्याने हात नाही लावला."

मग तिने सांगितलं. त्या म्हाताऱ्याच्या घरची रीत होती. जो कोणी पहिल्यांदा सगळं स्वतःच्या हाताने करतो, त्याने पहिली बाटली आपल्याला वाढवलेल्या माणसाला नेऊन द्यायची. त्या माणसाने ती उघडायची, थोडी जमिनीवर ओतायची आणि म्हणायचं, हे माझ्या लेकराने केलं. तेव्हा तो करणारा ठरतो, त्याआधी नाही.

"मी त्याला सांगितलं की माझे बाबा पीत नाही. नेव्हर. त्याने खूप विचार केला. मग म्हणाला, तुझ्या वडिलांना प्यायची गरज नाही. त्यांच्या वाटची जमीन पिईल." तिने मागच्या बागेकडे बोट दाखवलं. "संध्याकाळी आपण तिथे ओतणार होतो. सगळी. तू, मी आणि आई. म्हणून मी सगळे गेल्यावर म्हटलं."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाग किचनच्या दारापासून सहा पावलांवर आहे. सहा पावलं पुढे जाऊन तीच बाटली तशीच उलटी केली असती, तर माझं शीलही राहिलं असतं आणि तिचंही काम झालं असतं. मी म्हणालो, "आणखी एक आण, आपण करू." तिने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात ती लेस्टरला राहायला गेली.

पुढच्या हिवाळ्यात तो म्हातारा वारला, हे मला बायकोकडून कळलं. मुलीचा फोन यायचा, मला विचारायची तब्येत कशी आहे, गोळ्या वेळेवर घेतोस ना. मीच फार्मासिस्ट आणि मलाच हे. लेस्टरला तिने एका जुन्या होजिअरी कारखान्यातली खोली घेतली होती आणि शनिवारी दुपारी लोकांना मेस्कालची ओळख करून द्यायची. मी मनाशी एक ठरवलं. शील घेतल्यापासून चाळीस वर्षांत जे केलं नाही ते मी तिच्यासाठी करणार होतो. बायकोलाही सांगितलं नाही. एका शनिवारी एम वन हायवेने गेलो.

बारा-तेरा माणसं होती, मी मागच्या खुर्चीवर बसलो. तिने मला पाहिलं, क्षणभर थांबली आणि बोलत राहिली. खड्डा, दगड, चोथा, घोडा, पिंप. मला सगळं पाठ होतं. भोपळ्याच्या वाटीत धार सोडून तिने बुडबुडे दाखवले तेव्हा मी मनात मोजत होतो. ती फार सुंदर सांगते, आणि हे मी तिला कधी म्हटलेलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, तू स्वतःही बनवतेस का?

"नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "एकदा केली होती. ती पूर्ण झाली नाही. मी आता फक्त ओतून देते." लोक हसले, कारण तिने ते हसतच सांगितलं.

मग ती पेले भरत एकेकापाशी आली. माझ्यापाशी आल्यावर मी पेला पुढे केला. तिने बाटली सरळ केली आणि दुसरा हात माझ्या पेल्यावर ठेवला.

"नको, बाबा."

"मी पिणार आहे," मी हळूच म्हणालो. "तुझ्यासाठी."

"पण मला ते कधीच नको होतं," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे गेली.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या एकावर एक लावायला लागलो. दुसरं काय करणार? माझं सगळं आधीच पाठ केलेलं होतं, ते मी बोललो. मी चुकलो. तू पुन्हा तिकडे जा, पुन्हा कर, मी तिथे येतो, त्यांच्या जमिनीवर ओततो, म्हणशील ते म्हणतो. ती पेले धूत होती. तिने नळ बंद केला.

"पहिला एकदाच असतो, बाबा. आणि तो म्हातारा नाही आता. कोणाला दाखवू?"

"मग मी काय करू?"

"काही नाही," ती म्हणाली. "देअर'ज नथिंग टू डू. रिअली."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होतो, कारण राग असता तर तो कधीतरी उतरला असता. तिने हात पुसले आणि मला गाडीपर्यंत सोडायला खाली आली. सीटबेल्ट लावला का ते वाकून पाहिलं. एम वनवर काम चालू आहे, सावकाश जा, म्हणाली. घरी पोचल्यावर मेसेज कर म्हणाली. शनिवारी आलेल्या बाकीच्या माणसांशी ती जशी नीट वागली होती, अगदी तशीच माझ्याशीही वागली.