शेवटच्या घरातली धार
पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास आला की मला हर्सूलकडची आमची जुनी गल्ली आठवते. नळाची लाइन मोठ्या रस्त्यापर्यंतच आली होती; पुढं गल्लीत घ्यायची तर खर्च आमचाच. याविरुद्ध मी घरोघर पत्रकं वाटली, पण टँकरला कंटाळलेल्या लोकांनी वर्गणीच ठरवली. गल्लीच्या तोंडाशी राहणारे काका बैठकीत म्हणाले, "ज्याच्या दारापर्यंत जेवढा पाइप, तेवढे पैसे." म्हणजे सगळ्यात जास्त भार पडणार होता तो शेवटच्या घरात शिवणकाम करून एकट्या राहणाऱ्या खालांवर. मी तावातावानं समतेवर भाषण सुरू केलं, तर खालांनीच मला थांबवलं. "तू बैठ बेटा. भाईसाब, पाइपाचा हिशेब करता, मग पाण्याचाबी करा. तुमच्याकडं धो धो येणार, माझ्याकडं करंगळीएवढी धार. मग जास्त कुणी द्यायचं?" सगळे हसले, काकासुद्धा. तेच म्हणाले, "लई वकील हाय ही बाई! घ्या सारखीच वर्गणी, पण कुणी नळाला मोटर लावायची नाय." पाणी सुटलं त्या सकाळी पाइपातली माती धुऊन जावी म्हणून प्लंबरनं आधी शेवटचाच नळ उघडला. गढूळ पाणी निवळलं तसा खालांनी तांब्या भरून काकांच्या हातात दिला. "प्या भाईसाब, आज शेवटच्या घराचं पाणी पहिलं." काका तो गटागट प्यायले आणि त्यांनी दुसरा मागितला. मी अजूनही भांडतो, पत्रकंही काढतो. फक्त आता बोलायला उठण्याआधी शेवटच्या घरातलं माणूस काय म्हणतंय ते ऐकून घेतो.