गप्पी माशांची पंगत

चहा घ्या आधी, आणि हसू आलं तर खुशाल हसा. आमच्या अख्ख्या सोसायटीचं हसून झालंय, तुम्हीच तेवढे राहिला होतात. माझ्या हातून झालेले घोळ मी सहसा कबूल करत नाही, पण हा लपवता येण्यासारखाच नाही. सरकारी कागदावर आहे तो!

तर मी नीला सबनीस. जन्म शनिवार पेठेतला, आता मुक्काम वाघोलीला. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. माझ्यासमोर कुणी उपाशी राहिलेलं मला खपत नाही. नळ दुरुस्त करायला येणाऱ्याला मी आधी पोहे देते, मग नळ दाखवते. कुरियरवाला पाकीट दारातून सरकवून पळतो, कारण एकदा त्याला मी थालीपीठ संपेपर्यंत सोडलं नव्हतं. आमचे हे म्हणतात, "तुझ्या हातात रिमांड होम दिलं असतं तर पोरं सुधारली नसती, पण हलताही आलं नसतं त्यांना."

आमच्या सोसायटीच्या आवारात एक हौद आहे, कमळाचा. तो आगाशे काकांचा जीव की प्राण. काका पंचाहत्तरीचे, एकटे राहतात. बिल्डरने नुसताच शोभेचा खड्डा करून ठेवला होता, त्यात काकांनी माती भरली, कंद लावले, तीन वर्षं पानांशी बोलत बसले. फूल काही येईना. आणि यंदा पहिल्यांदा कळी धरली हो! काकांनी मला हाताला धरून नेऊन दाखवली ती. नातवाचं बारसं असावं असा चेहरा.

आणि नेमकी त्याच आठवड्यात महापालिकेची नोटीस आली. हौदात डासांच्या अळ्या सापडल्या होत्या. पुढच्या तपासणीत पुन्हा सापडल्या तर हौद बुजवा, असं स्पष्ट लिहिलेलं.

मीटिंग बोलावली. शिंदे भाऊ उठले. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती मुळात शिंदे भाऊंच्या घरची. आता ते तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि दोन गाड्या रस्त्यावर लावतात.

"बुजवून टाका की," ते म्हणाले. "चार गाड्या मावत्यात तितं. कमळ बघायचं तर फोनवर बघावं मानसानं."

आगाशे काका नुसते खाली बघत राहिले. आता हे बघून मी गप्प बसणार? मी उभी राहिले, पंधरा मिनिटं बोलले, आणि बसले तेव्हा 'हौद बचाव समिती' स्थापन झालेली होती. अध्यक्ष अर्थातच मी.

उपाय काकांनी शोधला. गप्पी मासे! हे बोटाच्या पेराएवढे मासे डासांच्या अळ्या खातात. काकांच्या एका मित्राकडे होते. काका स्वतः स्वारगेटला गेले आणि माशांची बरणी मांडीवर घेऊन दोन बस बदलून परत आले. कंडक्टरने त्यांना बसायला पुढची जागा दिली म्हणे, माशांकडे बघून.

मासे सोडले, आणि काय सांगू, आठ दिवसांत अळ्या गायब! संध्याकाळी खिडक्या उघडायला लागलो आम्ही. काका खूष, मी खूष, समिती खूष.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण एका दुपारी मी हौदाच्या काठावर बसले आणि ते मासे जवळून बघितले. अहो, केवढेसे ते! पाठपोट एक झालेलं. मी काकांना विचारलं, "यांना खायला काय घालता?"

"काही नाही. अळ्या खातात ना."

"त्या झाल्या ड्यूटीवरच्या. जेवणाचं काय?"

"नीलाताई," काका जरा घाबरून म्हणाले, "वरून काहीही टाकायचं नाही हं. त्यांचं ते बघतात."

त्यांचं ते बघतात! हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे, आणि ज्यांच्याबद्दल ऐकलं ते सगळे शेवटी माझ्याच स्वयंपाकघरात जेवलेत. माझा हिशोब सरळ होता. उपाशीपोटी कुणाच्या हातून काम होतं का? मग हे एवढेसे जीव दिवसभर डासांशी लढणार कशाच्या जोरावर?

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, सगळी सोसायटी लवंडलेली असताना, मी स्टीलच्या डबीत मूठभर पोहे घेऊन गेले. कोपऱ्यातल्या पायरीवर बसले आणि चुरून टाकले. मासे आधी बावचळले. मग एकाने तोंड लावलं. मग काय झुंबड उडाली म्हणता! इतकं मनापासून आमच्या घरी कुणी कधी खाल्लेलं नाही.

मग रोजचंच झालं. सोमवारी पोळीचा चुरा, मंगळवारी मऊ भात. संकष्टीला भिजवलेला साबुदाणा, म्हटलं त्यांनाही उपास घडावा. पुढे कळलं की गप्पी माशांची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. म्हणजे हौदात बाळंतिणी! आता सांगा, बाळंतिणीला नुसत्या पोह्यांवर ठेवायचं? मी डिंकाचा लाडू कुस्करून नेला. खोटं कशाला बोलू, तुपातला.

महिन्याभरात मासे गुबगुबीत झाले. पाणी मात्र हिरवं झालं, मग त्याला वास मारायला लागला, आणि मग एका संध्याकाळी कानाशी ओळखीचं गाणं ऐकू आलं. डास! आणि थोडेथोडके नाहीत. अंगणात उभं राहून बोलायचं तर तोंड मिटून बोलावं लागे.

सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब झाली. काका दिवसातून चार वेळा हौदाकडे जात, अडून बसलेली कळी बघत, पाणी बघत आणि मान खाली घालून परत येत. मला ते बघवेना. मासे धडधाकट असताना डास कसे? म्हणजे कुणीतरी काहीतरी करतंय! आणि हौद बुजलेला कुणाला हवाय?

त्यातच मी शिंदे भाऊंना सकाळी हौदावर वाकलेलं बघितलं. झालं! मी तडक मीटिंग बोलावली.

"शिंदे भाऊ, परवा सकाळी हौदात काय टाकत होतात?"

"टाकत न्हवतो, वहिनी. कुजकी पानं काढत होतो."

"पानं? तुम्ही? ज्यांना तिथे गाड्या लावायच्यात ते?"

"गाड्या लावायच्यात म्हनून घान वास घ्यायचा का म्या? माझी बाल्कनी हाय वर."

"हे बघा, पाण्यात काहीतरी पडतंय. रोज पडतंय. त्याशिवाय ते असं नासणार नाही!"

यातला शब्द न् शब्द खरा होता, हे लक्षात घ्या. फक्त बोलणारी बाई चुकीची होती.

शिंदे भाऊंचा चेहरा लाल झाला. "म्हंजी म्या इख टाकतोय व्हय पान्यात?"

"ते तपासणीत कळेल," मी म्हणाले. "मी स्वतः महापालिकेला फोन करून बोलावून घेते. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

आणि केला हो फोन! नोटीस डोक्यावर टांगलेली असताना, स्वतःहून.

शनिवारी सकाळी आरोग्य खात्यातल्या मॅडम आल्या. तिशीच्या, शांत, हसायचं नाही असं ठरवून घरातून निघालेल्या. सगळी सोसायटी हौदाभोवती जमली. मॅडमनी लांब दांड्याच्या पांढऱ्या डावाने पाणी काढलं. वळवळ वळवळ! अळ्याच अळ्या.

"मासे सोडलेत म्हणता ना? कुठे आहेत?"

"आहेत हो," काका म्हणाले. पण मासा एकही दिसेना. पाणी हिरवंगार, वर कमळाची पानं, आणि खाली शुकशुकाट.

"मेले असतील," कुणीतरी म्हणालं.

"मारले असतील!" मी म्हणाले, आणि शिंदे भाऊ नक्की कुठे वाकले होते ते दाखवायला गर्दीतून पुढे झाले. कोपऱ्यातल्या पायरीपाशी जाऊन उभी राहिले आणि हात लांब केला. "मॅडम, इथे बघा, या इथून…"

पाणी हललं. एक मासा वर आला. मग दहा. मग शंभर. सगळा हौद माझ्या पायाशी लोटला. लहान, मोठे, बाळंतिणी, पिल्लं, सगळे तोंडं वर करून, आ वासून.

मी दचकून डावीकडे सरकले. मासे डावीकडे. मी उजवीकडे गेले. मासे उजवीकडे. मी साळसूदपणे पदर सारखा केला आणि आकाशाकडे बघितलं. मासे माझ्याकडे बघत राहिले.

मॅडम म्हणाल्या, "काकू, काय घालता तुम्ही यांना?"

"मी? छे! म्हणजे… कधीतरी. थोडेसे पोहे."

"आणखी?"

"पोळी. भात. साबुदाणा."

"आणखी?"

"डिंकाचा लाडू," मी जमिनीकडे बघत सांगितलं. "तोही अर्धाच."

मॅडमनी बरणीत एक मासा घेतला आणि त्यात डावातली एक अळी सोडली. अळी माशाच्या नाकासमोर नाचली. माशाने तिच्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली.

"साबुदाना पाहिजेल त्येला," शिंदे भाऊ म्हणाले.

मग मॅडमनी मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. "काकू, ऊन पाण्यावर पडतं. त्यावर शेवाळ वाढतं. अळ्या ते खाऊन वाढतात. मासे अळ्या खातात. उन्हातली ताकद अशी हातोहात पुढे जाते आणि सगळं आपापलं चालतं. तुम्ही मधेच ताट मांडलंत. माशांचं पोट भरलं, ते कामावरून उठले. आणि उरलेलं अन्न पाण्यात कुजलं, त्यावर कोण पोसलं?"

"कोण?"

"अळ्या. त्यांनाही तुम्हीच जेवायला घातलंत."

"आणि अळ्यांचे डास झाले," मागून आमचे हे म्हणाले, "ते रोज रात्री मला खातात." नवरा म्हणून जरा बाजू सांभाळावी, तर नाही!

मी हसण्यावारी नेणार होते. तेवढ्यात मॅडमनी वही उघडली आणि म्हणाल्या, "अळ्या दुसऱ्यांदा सापडल्या. मला हौद बुजवायचं लिहावं लागेल."

आगाशे काकांनी कुणाकडेच बघितलं नाही. ते वाकले आणि कळीवर बसलेला एक डास हळूच उडवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसासाठी मी भांडले, त्याची तीन वर्षं मी पोह्यात बुडवली होती. खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

"मॅडम, पंधरा दिवस द्या," मी हात जोडले. त्या नाही म्हणून मान हलवायला लागल्या.

"द्या, म्याडम," मागून आवाज आला. शिंदे भाऊ! "पंधरा दिस म्या सोता राखन बसतो हितं."

"अहो, पण तुम्हाला तर गाड्या लावायच्यात ना?" मी विचारलं.

"लावायच्यात की. पन आज हौद बुजला तर पुढं जलमभर समदे म्हनतील, शिंद्यानं इख टाकलं. माझ्यावर आळ घेऊन म्या गाडी न्हाई लावायचा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

ते पंधरा दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. आधी नासकं पाणी थोडं थोडं उपसून ताजं भरलं. शिंदे भाऊंनी हौदापाशी प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि तिथेच पेपर, तिथेच चहा, आणि मला मात्र लांबूनच जायचं. मी भाजी आणायला निघाले तरी हाक यायची, "वहिनी, पिशवीत काय हाय?" त्यांची माफी मागायला मी शिऱ्याची बशी घेऊन गेले, तर म्हणाले, "माफी ऱ्हाऊ द्या, शिरा बी ऱ्हाऊ द्या. खाऊन मला झोप लागंल, मग राखन कोन करनार?"

आणि मासे! मी रस्त्याने चालले की ते काठाकाठाने माझ्याबरोबर चालायचे. मी मान वळवून जायची. चौथ्या दिवशी रडूच फुटलं मला. पाचव्या दिवशी मात्र त्यातला एक मध्येच थबकला, वळला आणि त्याने गपकन अळी गिळली. शिंदे भाऊ खुर्चीवरून ओरडले, "लागलं, लागलं कामाला!"

सोळाव्या दिवशी मॅडम आल्या. दहा वेळा डाव बुडवला, एकही अळी मिळाली नाही. आणि कमळ उमललं होतं. गुलाबी, चांगलं तळहातापेक्षा मोठं. आगाशे काका नुसते त्याच्याजवळ उभे होते, आणि मला, अगदी मनापासून सांगते, खूप बरं वाटलं.

मॅडमनी फॉर्म भरायला घेतला. मोठ्याने वाचत वाचत लिहीत होत्या. "डासांच्या अळ्या, निरंक. मासे, भरपूर. केलेली उपाययोजना…" इथे त्या थांबल्या. "औषध फवारलंत?"

"नाही," काका म्हणाले.

"नवे मासे सोडलेत?"

"नाही."

"मग काय लिहू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, "सौ. नीला सबनीस यांना हौदापासून वीस फूट लांब ठेवण्यात आले."

मग त्यांनी कागद उलटा केला. "खाली हौद समितीच्या अध्यक्षांची सही लागेल. कोण आहेत अध्यक्ष?"

मी घसा खाकरला, चष्मा लावला आणि पुढे पाऊल टाकलं.

शिंदे भाऊंनी हात आडवा केला. "तितंच थांबा, वहिनी. कागद म्या आनतो."