नियमाचे सहा इंच

सरकारी काम नियमाप्रमाणेच झालं पाहिजे असा हट्ट मी आयुष्यात एकदाच धरला, आणि तो पुरा झाला.

मी शाळेत भूमिती शिकवतो. त्यामुळे जगातल्या प्रत्येक रेषेची जबाबदारी आपल्यावर आहे असं मला उगीचच वाटतं. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरपं दिसलं तरी जेवण अर्धं टाकून मी उठतो. (माझी बायको सुनंदा म्हणते की तिनं तीस वर्षांत एकही पोळी निवांतपणे वाढलेली नाही, कारण मी आधी तिचा व्यास बघतो.) अशा माणसाच्या घरासमोर फुटपाथ व्हायला नको होता. पण झाला.

आम्ही लाखनीत राहतो, हायवेवरून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर. हा रस्ता अरुंद, त्यात धानाचे ट्रक याच वाटेनं घुसतात. माझे वडील, म्हणजे बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गेल्या वर्षी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर झाला, आता हातात काठी आली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. चालायचं कुठे, तर चौकातल्या चहाच्या ठेल्यापर्यंत. तिथे त्यांचे तीन मित्र रोज संध्याकाळी बसतात आणि साऱ्या तालुक्याचा निकाल लावतात. अंतर दोनशे पावलं. पण ट्रकांच्या भीतीनं मी त्यांचा हात धरून नेत असे, आणि ते त्यांना मुळीच खपत नसे.

"हात सोड," ते म्हणायचे. "लोकायले वाटते का मले पोलीस धरून नेऊन राहिले."

"बाबा, ट्रक येतात."

"ट्रकवाल्यायले डोळे हायेत. मले एकट्यालेच जायचं हाय."

एवढीच त्यांची इच्छा होती. दोनशे पावलं, पण एकट्यानं. म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा फुटपाथ होणार असं कळलं त्या दिवशी मी बाबांना शब्द दिला, "फुटपाथ झाला की तुम्ही एकटे जायचं. मी फाटकाबाहेरसुद्धा येणार नाही." बाबांनी त्याच दिवशी काठीला नवीन रबरी बूट बसवून घेतला आणि फाटकाशी खुर्ची टाकून कामाची वाट बघत बसले.

काम घेऊन आला तेजराम मुकादम. किडकिडीत, कानामागे पेन्सिल, हातात एक बांबूची पट्टी. त्याची एक अजब रीत होती. दर घरापुढे थांबायचा आणि विचारायचा, "घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोन?" ते माणूस बाहेर आलं की पट्टी जमिनीवर उभी धरायचा, म्हणायचा, "पाय उचला. जेथं दुखन तेथं थांबा." जिथे पाय थांबेल तिथे पेन्सिलची खूण. तेवढीच त्या घरापुढच्या फुटपाथची उंची! शेजारच्या भागरताबाईंचा पाय चार बोटं उचलला गेला, तर त्यांच्यापुढे फुटपाथ चार बोटं. पलीकडच्या घरी पाच बोटं. दोन घरांच्या मध्ये तो हातानं असा उतार काढून द्यायचा की चालणाऱ्याला कळायचंच नाही.

आमच्याकडे आला तेव्हा बाबा आधीच पाय उचलून तयार. त्यांचाही चार बोटं.

मला हे बघवेना. "तेजराम, हे काय चाललंय? फुटपाथची उंची काय पाय बघून ठरवतात?"

"मंग काय पाहून ठरवतेत, सर?"

"नियम असतो."

"आमच्या इकडे असाच हाय नियम."

रात्रभर मी तळमळलो. एका गल्लीत एका घरापुढे चार बोटं, दुसऱ्यापुढे पाच! अशी रेष फळ्यावर काढणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभं करतो. सकाळी नागपूरला इंजिनिअर असलेल्या माझ्या भाच्याला, पंकजला फोन लावला. त्यानं मोबाइलवर फुटपाथच्या नियमांची एक फाइल पाठवली. मी ती चहा पिता पिता चाळली. सातव्या पानावर हवं ते सापडलं: कर्ब, म्हणजे फुटपाथची रस्त्याकडची कड, दीडशे मिलिमीटर उंच. सहा इंच! मी तिथेच फाइल बंद केली, टेप घेतला आणि बाहेर धावलो.

तेजरामनं फळ्या ठोकायला घेतल्या होत्या.

"सहा इंच," मी मोबाइल त्याच्या नाकापुढे धरून म्हणालो. "एक सूतही कमी नको."

तो फळीवरून उठला. आधी बाबांच्या पायाकडे बघितलं, मग आमच्या फाटकाकडे, मग माझ्याकडे. "सर, सहा इंच केले त माहं काय जाते? सिमेंट माह्या घरचं नाई. पन नंतर मले बोलू नका."

"मी जबाबदार."

"मंग येथं सही करा." त्यानं कामाची वही पुढे केली. मी ऐटीत सही केली, खाली तारीखही घातली. खुर्चीतून बाबा म्हणाले, "अरे, तेजरामचा धंदाच हाय तो. त्याले करू दे." पण मी त्यांना समजावलं की हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय. म्हातारी माणसं भावनेच्या आहारी जातात, असंही मला तेव्हा वाटून गेलं.

काँक्रीट पडलं. कड अशी सरळ आली की तीच पट्टी समजून भूमितीचा पेपर सोडवावा. तेजराम म्हणाला, आठ दिवस ओलं ठेवा आणि कोणी पाय देऊ नका. मी वरून धानाचं तणस, म्हणजे पेंढा, पसरलं आणि दिवसातून तीनदा पाणी मारायचं ठरवलं. प्रत्यक्षात नऊदा मारलं. शाळेच्या मधल्या सुट्टीत सायकल मारत घरी येऊन बघून जायचो. जेवताना उठायचो. आठ दिवस आम्ही मागच्या परसातून, गोठ्याच्या बाजूनं ये-जा करत होतो, आणि तिथे चिखल असल्यामुळे बाबांना तेही बंद होतं. ते फाटकाशी बसून काठी आपटायचे. मी आतबाहेर करायचो. शेवटी सुनंदा वैतागली.

"तुमी दोघं एका जागी बसत काहून नाई? त्यायची ठकठक अन् तुमची धपधप. मले वाटते घरात बैलबंडी फिरून राहिली."

नवव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. भागरताबाई त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी तणस बाजूला केलं आणि समारंभपूर्वक फाटकाची कडी काढली.

फाटक उघडेना.

जोरात ढकललं. दोन बोटं फट पडली आणि खट्ट! आमचं फाटक बाहेरच्या बाजूला उघडतं आणि त्याच्याखाली पाच बोटांची मोकळी जागा होती. तेजरामच्या चार बोटांवरून ते सहज फिरलं असतं. माझ्या सहा इंचांना ते जाऊन धडकलं होतं. तेजरामनं त्या दिवशी फाटकाकडे का बघितलं, ते मला नऊ दिवसांनी कळलं.

"बिजागऱ्यातून उचला," भागरताबाईंनी बाहेरून सल्ला दिला. मी आणि सुनंदानं मिळून फाटक उचललं, भिंतीला टेकवलं. वाट मोकळी झाली. बाबा पुढे आले. समोर सहा इंचांची सरळसोट, गुळगुळीत, नियमाप्रमाणे बांधलेली पायरी. त्यांनी काठी वर टेकवली. पाय उचलला. चार बोटांवर तो थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथेच.

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. तिसऱ्यांदा पाय उचलला, तो कडेला घासून खाली आला. मग ते वळले, आत गेले, टोपी काढून खुंटीला लावली. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आजवर शेकडो पोरांचं उत्तर मी चूक ठरवलं असेल, पण स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्या रात्री मी झोपलो नाही. सकाळी उपाय सुरू केले. आधी खाली वीट ठेवली, ती डगमगली. मग देवघरातला पाट ठेवला, तो घसरला (आणि सुनंदानं तो धुऊन परत नेला). दुपारी मी शाळेत असताना भागरताबाईंची म्हैस तणसाचा वास काढत आली, सहा इंच लीलया चढली, फाटक नसलेल्या फाटकातून आत शिरली आणि परसातली सगळी पालक आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, खाऊन गेली. माझा फुटपाथ कोणाच्या पायाच्या मापाचा झाला होता, हे त्या दिवशी साऱ्या गल्लीला कळलं.

रात्री पंकजचा फोन आला. "मामा, झाला का फुटपाथ?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, आठवं पान वाचलं नाई का?"

"आठव्या पानावर काय आहे?"

"तिथं लिहिलं हाय, का लोकायच्या फाटकापुढे कड खाली घ्यायची अन् दोन्ही बाजूनं उतार द्यायचा. म्हातारे अन् अपंग लोकायसाठी."

म्हणजे नियम करणारे मोठे साहेब आणि आमचा तेजराम यांचं आतून एकमत होतं. मधे फक्त मी आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी तेजरामला गाठलं. तो हायवेजवळ काम करत होता. "तेजराम, आमच्या फाटकापुढे जरा फोडून खाली घे."

"आता कसं फोडू, सर? माप वहीत चढलं. वर तुमची सही हाय. ऑफिसातून कागद आना."

ऑफिसात गेलो. बाबा म्हणाले, मीही येतो. नको म्हणालो, तर म्हणाले, "माहा पाय हाय, माहा मामला हाय." परसातल्या चिखलात फळ्या टाकून त्यांना बाहेर काढलं, ऑटोत बसवून नेलं. तिथे मी अर्ज लिहिला. विषय: घरासमोरील फुटपाथ नियमाप्रमाणे झाल्याबाबत तक्रार.

बाबूनं अर्ज दोनदा वाचला. "सर, येथं लोक काम नियमानं नाई झालं म्हनून येतेत. तुमी नियमानं झालं म्हनून आले?"

"हो."

"तक्रार कोनाच्या विरोधात लिहू? मुकादमाच्या?"

"नाही. त्याची काही चूक नाही."

"मंग ठेकेदाराच्या?"

"त्याचीही नाही."

"कोनाचं तरी नाव लिहा लागते, सर. रकाना खाली ठेवता येत नाई."

मी माझं नाव लिहिलं. बाबूनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला की एक साक्षीदार लागेल. बाबांनी लगेच पेन मागून घेतलं आणि इतक्या ठसठशीत अक्षरात सही केली, की तशी त्यांनी माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा केली नव्हती.

चार दिवसांनी ऑफिसचा कागद निघाला आणि तेजराम छिन्नी-हातोडा घेऊन आला. फाटकापुढचा भाग फोडला, चार बोटांवर आणला, शेजारच्या फुटपाथला जुळवून उतार दिला. पलीकडच्या बाजूला आमच्या भिंतीपुढचे सहा इंच त्यानं तसेच ठेवले. ते कोणाच्या वाटेत येत नव्हते. या खेपेला मी एक शब्द बोललो नाही. ओठ चावून अंगणात फेऱ्या मारल्या.

मग तो दिवस आला. पुन्हा बसवलेलं फाटक बाहेरच्या बाजूला व्यवस्थित उघडलं. बाबा म्हणाले, "तू अंदर जा. तू पाहून राहिला का माहे पाय लटपटतेत."

मी आत गेलो. सुनंदा म्हणाली, "बसा." बसलो. उठलो. पाणी प्यायलो. पुन्हा बसलो. दोन मिनिटं झाली असतील, राहवेना. हळूच बाहेर आलो.

बाबा भागरताबाईंच्या घरापुढून चालले होते. सावकाश, ताठ, काठी टेकत. बाजूनं ट्रक गेला, त्यांनी मान वळवली नाही. मला फार आनंद झाला. डोळे भरून आले, समोरचं धूसर दिसायला लागलं. पुढच्या गर्दीत त्यांची टोपी नीट दिसावी म्हणून मी भिंतीपुढच्या त्या उंच भागावर चढलो, टाचा वर केल्या, अजून थोडं दिसावं म्हणून कडेकडे सरकलो, आणि तिथून थेट रस्त्यावर पडलो.

घोटा कट्‌ वाजला. भागरताबाईंनी हाक दिली. चाळीस पावलांवर बाबा थांबले, वळले, तसेच काठी टेकत परत आले आणि माझ्याकडे वाकून बघत म्हणाले, "मी तुले अंदर जा म्हनलो होतो ना, बाबू?"

घोट्याला प्लास्टर झालंय. डॉक्टरांनी मला तीन आठवडे एकट्यानं घराबाहेर पडायला मनाई केली आहे. मी कसला पाळतो! पण बाबा रोज संध्याकाळी टोपी घालून ठेल्याकडे निघतात, जाताना फाटकाला बाहेरून कडी लावतात, आणि ती नीट लागली की नाही हे दोनदा ओढून बघतात.