हमीदची सही

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. यंदा लंडनहून मेल आला आणि टाळता येईना. एक ब्रिटिश कॉमिक्स इम्प्रिंट स्वतःचा इतिहास पुस्तकरूपाने काढत होतं. इम्प्रिंट म्हणजे मोठ्या प्रकाशकाने ठरावीक पुस्तकांसाठी घेतलेलं वेगळं नाव. प्रश्न एवढाच होता: अरबी आवृत्तीतली ती आठ पानं तुम्हीच काढलीत ना?

मी काढली नव्हती. मला साधा आंबासुद्धा काढता येत नाही.

तेव्हा मी कुवेतमध्ये, शर्क भागातल्या एका प्रेसमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर होतो. त्या कॉमिक्सची अरबी आवृत्ती आम्ही छापायचो. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणून इंग्रजी पान आरशात दिसतं तसं उलटं करायचं. त्याला आम्ही 'फ्लॉप' म्हणायचो. फ्लॉप केलं की हीरो डावखुरा होतो आणि चित्रकाराची सहीही उलटी दिसते. मी नियम काढला: पानावरच्या सगळ्या सह्या पुसायच्या, नावं पुढे क्रेडिट्समध्ये छापायची.

एका अंकात पबमधला आठ पानांचा लांबलचक प्रसंग होता. कुवेतमध्ये दारूबंदी, त्यामुळे इथे तो चालणं शक्य नव्हतं. आमचा स्कॅनिंग ऑपरेटर हमीद, रत्नागिरीकडचा. त्याने पबच्या जागी दिवाणिया, म्हणजे इथल्या पुरुषांची बैठक, नव्याने काढली. खाली सही केली. नियमाप्रमाणे तीही पुसली गेली.

"सर, माजी सही कशाला पुसलीत? मी पान उजवीकडूनच काढलाय. सही सरळ हाय."

"नियम सगळ्यांना सारखा, हमीद."

"मग क्रेडिट्समध्ये तरी नाव टाका."

"बघू."

"तुमचा 'बघू' म्हंजे आपल्या व्हिसावाल्याचा 'बुक्रा'! उद्या उद्या करता करता व्हिसाच संपतो."

आम्ही दोघंही हसलो. नाव टाकायचं राहूनच गेलं.

लंडनला पानं फार आवडली. चित्रकार कोण, त्यांनी विचारलं. मी लिहिलं, काम माझ्या देखरेखीखाली झालं. त्यांनी पुढच्या अंकात त्या पानांचा चित्रकार म्हणून माझं नाव छापलं. मी दुरुस्त केलं नाही.

वर्षभराने हमीद एका जाहिरात एजन्सीत आर्टिस्टच्या जागेसाठी गेला. सँपल म्हणून तीच पानं नेली. परत आला तो थेट माझ्या टेबलाशी.

"ते म्हणतात, पुढच्या अंकात ह्या पानांसाठी तुमच्या मॅनेजरचा नाव हाय. सर, लेटरहेडवर दोन ओळी द्या."

दोन ओळी दिल्या असत्या, तर माझं खोटं लंडनला कळलं असतं. मी आजचं उद्यावर ढकलत राहिलो. जागा भरली. हमीदने आणखी अकरा वर्षं स्कॅनिंग केलं आणि तो गावी परतला.

यंदा मी लंडनला सगळं खरं कळवलं. पुस्तकात आता हमीदचं नाव आहे. दुरुस्तीला एक मेल पुरला. तो तेव्हाही पुरला असता.

पुस्तक हमीदच्या गावी पोचल्यावर मी कुवेतमधल्या माझ्या रिग्गईच्या घरून फोन लावला. माफी मागताना काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं.

"सर!" हमीदचा आवाज म्हातारा झाला होता. "नातीला दाखवला. तिला म्हटला, बघ, आमच्या सायबांनी इतक्या वर्षांनी आठवण ठेवली. तुमच्यामुळे झाला, सर."

कागद माझ्या हातातच होता.

"तब्येत सांभाळ," मी म्हणालो आणि फोन ठेवला.