शिवप्रसादच्या नावावर अडकलेला आराखडा

शिवप्रसाद वारला त्याला अकरा दिवस झाले होते, तरी कंपनीच्या सर्व्हरवर आराखडा त्याच्याच नावावर उघडा होता. सोमवारी सकाळी अरुणकुमार साहेबांनी स्नेहलला केबिनमध्ये बोलावलं आणि पडद्यावरच्या ओळीकडं बोट दाखवलं: ‘हा आराखडा शिवप्रसाद यांच्याकडे आहे. बदल करता येणार नाही.’

‘हे काय आहे?’ साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं.

‘चेक-आउट आहे साहेब,’ स्नेहल म्हणाली. ‘ग्रंथालयातलं पुस्तक कुणी आपल्या नावावर काढून नेतं, तसं. त्यानं परत केल्याशिवाय दुसऱ्याला त्यात लिहिता येत नाही.’

‘तो कसा परत करणार?’



स्नेहल मूळची मंठाळची. वडील पिराजी रस्त्याच्या कामावर मजूर होते. मुलगी बिदरला शिकली, संगणकाची पदवी घेतली, आणि गेली नऊ वर्षं कलबुर्गीच्या या कंपनीत सर्व्हर सांभाळत होती. कंपनी गावोगावच्या पाणी योजना बांधायची. टाक्या, पाइपलाइन, विहिरी. त्या सगळ्या कामांचे आराखडे, पत्रं, निरोप मागच्या थंडगार खोलीतल्या एका काळ्या कपाटात होते. कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाची फाईल उघडेना, की हाक स्नेहलला.

शिवप्रसाद आराखडे करायचा. तो बसवकल्याणकडच्या कोहिनूर गावचा. ऑफिसात सगळा कारभार कन्नडमध्ये, पण या दोघांचं आपसांत गावाकडच्या मराठीतच चालायचं. ‘काय करायलीस?’ म्हणत तो दुपारी डबा घेऊन तिच्या खोलीत यायचा, कारण तिथं एसी होता. चिंताकी गावचं काम बघून मोटारसायकलवर परत येताना, भालकीच्या अलीकडं, दिवे नसलेल्या ट्रॉलीवर आदळला आणि जागीच गेला. स्नेहल मातीला गेली होती. तिला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आली, तेव्हा तिला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. त्याचं खातं बंद करा, असा मेल तिसऱ्या दिवशी आला होता. तो तसाच पडून होता.

‘तुला अधिकार आहे ना?’ साहेब म्हणाले. ‘जबरीनं परत घे.’

‘घेता येतो. पण त्यानं लॅपटॉपवर बदललेलं आणि इथं न पोचलेलं सगळं जाईल. सहा दिवसांचं काम आहे. लॅपटॉप त्याच्या घरी आहे.’

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ‘परवा जिल्हा कचेरीत आराखडा दाखवायचाय. उद्या संध्याकाळपर्यंत काय ते कर.’

ती तशीच बसस्टँडवर गेली. बसवकल्याणला उतरून दुसरी बस धरली आणि दुपारी कोहिनूरला पोचली. ओसरीवर शिवप्रसादचे वडील उद्धवराव बसले होते. आई सुशीलाबाई तूर निवडत होत्या, म्हणजे सुपात हात नुसताच फिरत होता.

‘कुठली गं तू, बाई?’

‘मंठाळची, मावशी. पिराजीची लेक. शिवप्रसादच्या हापिसात हाय मी.’

पिराजी कोण, कुठल्या गल्लीतला, हे उद्धवरावांना ठाऊक असावं. अशा घरांतून नेहमी येते ती थोडी शांतता आली आणि गेली. मग सुशीलाबाईंनी आत बघून चहा टाकायला सांगितलं.

‘अप्पा, त्याचा लॅपटॉप न्यायला आले. त्यात काम अडकलंय.’

‘न्या की,’ उद्धवराव म्हणाले. ‘आमाला काय कळायलंय त्यातलं.’

शिवप्रसादची बायको रेणुका चहा घेऊन आली, आणि परत जाऊन साडीत गुंडाळलेली लॅपटॉपची बॅग घेऊन आली. बॅगेची एक बाजू खरचटून पांढरी पडली होती. लॅपटॉपला मात्र काही झालं नव्हतं.

‘अक्का,’ रेणुका म्हणाली, ‘पोरीचे फोटो हायत त्यात. बारशापासूनचे. पुसू नका.’

‘न्हाई पुसत, वैनी.’

मंगळवारी सकाळी तिनं लॅपटॉप सर्व्हरच्या खोलीत टेबलावर ठेवला, ऑफिसच्या केबलला जोडला. आपल्या पडद्यावरून शिवप्रसादचा पासवर्ड बदलला आणि त्याच्या नावानं आत शिरली. पडद्यावर पोरगी हसत होती, पुढचे दोन दात पडलेले. स्नेहलनं आराखडा उघडायला घेतला.

एवढ्यात दारात मंजुश्री उभी राहिली, बाहेर फोन घेणारी. तिचा चेहरा उतरला होता.

‘स्नेहल, शिवप्रसादच्या नावापुढं हिरवा ठिपका लागलाय.’

निरोपांचं सॉफ्टवेअर लॅपटॉपबरोबर आपोआप चालू होतं, हे स्नेहल विसरली होती. कंपनीतल्या ऐंशी माणसांच्या पडद्यावर शिवप्रसाद हजर झाला होता. ती ते बंद करणार, तोच कोपऱ्यात एक निरोप उगवला. चिंताकीच्या कामावरचा सुपरवायझर सिद्धप्पा.

‘अण्णा, हायसा का?’

तिनं ते बंद केलं आणि आपल्या मोबाइलवरून त्याला फोन लावला.

‘सिद्धप्पाण्णा, मी स्नेहल. त्या लॅपटॉपवर मी बसलेय.’

पलीकडं काँक्रीटच्या मिक्सरचा आवाज येत होता.

‘मला ठाव हाय, अक्का. मी मातीला हुतो की. तरी हिरवं बघितलं अन् हात गेला बघा.’

‘काय इचारायचं हुतं?’

‘टाकीचं. अण्णा म्हणले हुते, चिंताकीला टाकी आधी घेऊ, पाइप मागून. तसं लिहून ठिवतो म्हणले. लिवलंय का?’

तिनं आराखडा खाली सरकवला. त्रेचाळीस गावं होती. चिंताकीच्या ओळीत टाकी फेब्रुवारीत आली होती, आणि शेजारी त्यानं लिहिलं होतं, ‘उन्हाळ्याच्या आत’.

‘लिवलंय.’

‘बरं झालं,’ सिद्धप्पा म्हणाला आणि फोन ठेवला.

स्नेहलनं आराखडा सर्व्हरवर पाठवला. निळी पट्टी अर्ध्याच्या अलीकडं जाऊन थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हलेना. तिनं सर्व्हरवरची या आराखड्याच्या कामांची रांग उघडली. सगळ्यात पुढं एक जुनं काम तांबडं होऊन पडलं होतं, आणि त्याच्यामागं हे नवं काम उभं होतं. पुढचं निघाल्याशिवाय मागच्याला वाट नव्हती. पुढचं कुणाचं, म्हणून तिनं पाहिलं. शिवप्रसाद, तारीख तो गेला त्याच दिवसाची, वेळ संध्याकाळी पाच बावन्न.

तेव्हा तिला त्या संध्याकाळचा त्याचा फोन आठवला. चिंताकीहून निघायच्या आधी केलेला. ‘आगं, वर जाईना बघ. कामून आडकायलंय?’ ती घरी निघाली होती, एक पाय रिक्षात होता. ‘रेंज नसंल तिथं,’ ती म्हणाली होती. ‘उद्या हापिसात येऊन पाठव. काय घाई हाय?’ रांग बघायला तिला दोन मिनिटं लागली असती.

पडद्यावर प्रश्न आला, ‘हे काम रद्द करायचे?’ तिनं ‘होय’ दाबलं. तांबडी ओळ गेली. निळी पट्टी पुढं सरकली आणि भरली. आराखडा परत आला, कुणाच्याही नावावर नसलेला. तिनं साहेबांना कळवलं. ते ‘गुड’ म्हणाले.

दुपारी तिनं पोरीचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले, दोनदा मोजून पाहिले. मग खातं बंद केलं. अशा वेळची रीत लिहिलेली नव्हतीच कुठं, म्हणून तिनं एक पान टंकलं, ‘कर्मचारी कामावर असताना वारल्यास’. त्यात पहिलीच पायरी लिहिली, निरोपांचे सॉफ्टवेअर आधी बंद करावे. पान सर्व्हरवर ठेवलं आणि डबा न उघडताच घरी नेला. आई सुमनबाईनं डबा हातात धरून पाहिला. ‘जेवली न्हाईस?’ ‘ध्यानात न्हाई ऱ्हायलं.’

पेनड्राइव्ह बसवकल्याणच्या एका ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. शनिवारी रेणुकाचा फोन आला.

‘मिळालं, अक्का. समदे हायत.’ मग थोडं थांबून, ‘त्यांनी तुमाला फोन केला हुता ना त्या दिवशी? मोबाइलमंदी तुमचं नाव दिसायलंय.’

खोटं सांगता आलं असतं. ‘व्हय,’ स्नेहल म्हणाली. ‘आराखडा वर जाईना म्हणला. मी म्हणाले, उद्या बघू.’

‘माझ्यासंगट बी बोलले त्याच्या मागून. पोरगी फोन मागायलीय, बोला म्हणलं मी, तर घरी येऊन बोलतो म्हणले.’

दोघींपैकी कुणी फोन ठेवला नाही. पलीकडं पोरीचा आवाज येत होता, ती फोटोतल्या कुणाकुणाची नावं सांगत होती.

‘ऐकायलाव ना, अक्का?’

स्नेहलनं मान हलवली. ती रेणुकाला दिसत नाही, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला.